बाईची कातडी उजेडात कोण बघतं?

मैत्रिणींनो, सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत बचत गटाची बैठक होती. हिशोब झाले, सह्या-अंगठे झाले आणि ओट्यावर चहा सुरू झाला. गटातली एक बाई माझ्या शेजारी बसली होती. वय पस्तिशीच्या आसपास. तिचं नाव, गाव मी इथे लिहिणार नाही. तिचा चेहरा तेल लावल्यासारखा चमकत होता. मी सहज म्हणाले, "वहिनी, तोंडावर काय तेज आलंय!" बाया हसल्या. एकीने "दिवस गेले का काय परत?" अशी थट्टाही केली. वहिनी हसली नाही. पदर कानावरून पुढे ओढला आणि कप गोळा करून आत गेली.

त्यानंतर आठेक महिन्यांनी तिने चुलीवरचं पातेलं हाताने उतरवलं. फडकं घ्यायला विसरली होती. हात भाजत होता आणि तिला कळत नव्हतं. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा सासू ओरडली.

भाजलेला हात घेऊन ती सरकारी दवाखान्यात आली, मी सोबत होते. तिथल्या बाई डॉक्टरने हात तर बघितलाच, पण मग तिला खिडकीपाशी नेलं, पदर बाजूला करायला सांगितला, कानातले काढायला लावले. दोन्ही कानांच्या पाळ्या जाड झाल्या होत्या, खालच्या कडेला वाटाण्याएवढ्या गाठी होत्या. भुवयांचे बाहेरच्या बाजूचे केस विरळ झाले होते. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन काचेवर नमुना घेतला. अहवाल आला: कुष्ठरोग, भरपूर जिवाणू असलेला प्रकार.

ज्याला मी 'तेज' म्हणाले होते, तो हा रोग होता. कातडीत जिवाणू पसरले की ती फुगते, ताणली जाते आणि चमकते. मी एमएसडब्ल्यू केलं आहे. 'कुष्ठरोग आणि सामाजिक कलंक' या विषयावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. पण कानाची पाळी कशी बघायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

बधिर चट्ट्याच्या पलीकडे

आपल्याकडे कुष्ठरोगाची भित्तिपत्रकं पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट सांगत आली आहेत: न खाजणारा, न दुखणारा, फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसला तर दवाखान्यात या. हे खरं आहे आणि ते सांगत राहिलंच पाहिजे. पण ते अर्धं आहे.

कातडीवरचा डाग सपाट असतो. डोळे मिटून हात फिरवला तर त्याची कड लागत नाही. चट्टा फुगीर असतो, हाताला त्याची कड लागते. गाठ कातडीत घट्ट रुतलेली असते. चिमटीत धरली तर आत काहीतरी आहे हे जाणवतं. अंगात रोगाशी लढायची ताकद बऱ्यापैकी असेल तर थोडेच डाग-चट्टे येतात आणि ते बहुधा बधिर असतात. ती ताकद कमी पडली तर जिवाणू सगळ्या अंगभर पसरतात. मग एखाद-दुसरा चट्टा न येता कातडी सगळीकडे सारखीच जाड आणि चकचकीत होते. कान, चेहरा, कोपर, गुडघे अशा ठिकाणी गाठी येतात. भुवया झडतात, नाक चोंदतं, पाय सुजतात. आणि महत्त्वाचं म्हणजे, या प्रकारात सुरुवातीला गाठींवर स्पर्श कळत असतो. कापूस फिरवला तर बाई म्हणेल, "कळतंय की." बधिरपणा नंतर येतो, तोही हातापायांना मोजे घातल्यासारखा, हळूहळू.

म्हणजे ज्या प्रकारात जिवाणू सर्वांत जास्त, ज्यातून घरातल्या पोराबाळांना लागण होण्याची शक्यता जास्त, नेमका तोच प्रकार 'बधिर चट्टा आहे का?' या एका प्रश्नातून निसटतो. आमच्या वहिनीच्या घरी शोध मोहिमेचं पथक येऊन गेलं होतं. नियमाप्रमाणे पथकात एक बाई आणि एक पुरुष असतो. त्या दिवशी आशाताई एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन गेली होती. एकटा कार्यकर्ता अंगणात आला, "कुणाला बधिर चट्टा?" म्हणून त्याने विचारलं. सासू नाही म्हणाली. भिंतीवर खडूची खूण झाली, घर तपासून झालं. सासू खोटं बोलली नव्हती. चट्टा नव्हताच.

त्याआधी दोन वर्षं ती काय करत होती? आधी मेडिकलमधून मलम. त्याने थोडे दिवस लाली कमी झाली. या मलमांत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. ते वरची सूज, लाली दाबतं आणि आतला रोग झाकून ठेवतं. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी "गजकर्णाची ट्यूब द्या" म्हटलं की ती हातात पडते. मग एका खासगी डॉक्टरने कानाकडे लांबूनच बघून "खोट्या दागिन्यांची ॲलर्जी" म्हटलं. तिने कानातले बदलले. मग देवऋषी झाला. तिच्या गाठी प्रत्येकाने पाहिल्या होत्या. कुणी हात लावून, उजेडात, वेळ देऊन तपासल्या नाहीत.

प्रत्येक गाठ कुष्ठरोगाची नसते, हेही तेवढंच खरं. गजकर्णाची कड लाल, खवल्यांची असते आणि खाज झोपू देत नाही. सोरायसिसच्या चट्ट्यावर चंदेरी पापुद्रे येतात. चरबीची गाठ मऊ असते आणि कातडीखाली सरकते. क्षयाचे जंतूही कातडीत चट्टा करू शकतात. पांढऱ्याशुभ्र कोडाचा तर कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हणायच्या सवयीने किती मुलींची लग्नं मोडली असतील! निदान डॉक्टरनेच करायचं. पण डॉक्टरपर्यंत कुणाला आणि किती घाईने न्यायचं, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

बघतात, पण कशासाठी?

बाईच्या कातडीकडे आपल्याकडे कुणी बघत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. जन्मल्यापासून बघतात. काळी का गोरी, डाग आहे का, लग्नाला चालेल का, बाळंतपणानंतर वांग आले का. तिच्या आजारासाठी मात्र ती कातडी बघितली जात नाही. ती दोनदा झाकलेली असते, एकदा कपड्याने आणि एकदा लाजेने. पाठीवर, मांडीवर, कमरेवर चट्टा असेल तर तो तिला स्वतःलाही दिसत नाही. वाडीतल्या घरात अंग न्याहाळण्याइतका आरसा नसतो, न्हाणीला उजेड नसतो. दवाखान्यात डॉक्टर पुरुष, पडदा नाही, बाहेर रांग, सोबत दीर किंवा सासरा. "कुठे आहे?" असं विचारल्यावर ती हाताची कोपरं दाखवते आणि परत येते.

शिवाय वेळ. जुन्नरच्या आदिवासी भागातल्या कितीतरी बाया उजाडायच्या आत पिकअपमध्ये दाटीवाटीने उभ्या राहून नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर जातात. टोमॅटो, कांदा, द्राक्षं, जिथे हाक येईल तिथे. घरी यायला दिवेलागण. पावसाळ्यात भाताची लावणी, उन्हाळ्याच्या तोंडाला बाळहिरडा गोळा करायला रान. तपासणीचं पथक सकाळी अकराला दारात येतं तेव्हा घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. म्हणजे बाई दोन्हीकडून सुटते. दवाखाना उघडा असतो तेव्हा ती रानात आणि ती घरी येते तेव्हा दवाखाना बंद.

भारतात दर वर्षी लाखभर नवे कुष्ठरुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आपले आहेत. या नव्या रुग्णांत दर पाचामागे साधारण दोन बायका असतात. आकडे वाचून कुणी म्हणेल, बायकांना हा रोग कमी होतो. काही अंशी तसं असेलही. पण ज्यांना नीट तपासलंच जात नाही, त्यांच्यात रोग कमी आहे असं म्हणायला मी तयार नाही.

इथे मला एक जुनी परदेशी गोष्ट आठवते. कुष्ठरोगाचा जिवाणू नॉर्वेच्या डॉ. आर्मॉर हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. जगाने त्यांचं नाव या रोगाला दिलं. हा रोग जिवाणूमुळे होतो हे सिद्ध करण्याच्या ध्यासात त्यांनी १८७९ मध्ये बर्गेनच्या रुग्णालयातल्या एका स्त्री रुग्णाच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश सुईने टोचला. तिला विचारलं नाही, सांगितलं नाही. ती गप्प बसली नाही. खटला झाला आणि १८८० मध्ये हॅन्सेनना रुग्णालयातलं पद गमवावं लागलं. या रोगाच्या इतिहासात तिचं नाव कुणी घेत नाही. मला मात्र ती आपली थोरली बहीण वाटते. आपलं शरीर तपासून घेणं हा हक्क आहे आणि विचारल्याशिवाय कुणी हात लावू नये हाही हक्कच आहे, हे दोन्ही तिच्या गोष्टीत आहे. म्हणून मी जेव्हा 'बायांना तपासा' म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ रांगेत उभं करून पदर ओढणं असा होत नाही. आडोसा हवा, तपासणारी बाई हवी आणि "बघू का, ताई?" हा प्रश्न हवा.

निदानानंतरचं घर

वहिनीचं निदान झालं त्या संध्याकाळी तिचं ताट-तांब्या वेगळा झाला. चौथ्या दिवशी तिला माहेरी पोचवलं. धाकटा मुलगा सोबत, थोरली मुलगी सासरी ठेवून घेतली. नवरा मला म्हणाला, "ताई, माझं काही नाही, पण भावकी ऐकत नाही." भावकीला पुढे करणारे असे किती नवरे आपण पाहिले आहेत!

कायद्यानेही वर्षानुवर्षं याला हातभार लावला. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. औषध आलं, रोग पूर्ण बरा होऊ लागला, तरी ते कलम तसंच राहिलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आपल्याकडे १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तो आला. आणि ते कलम निघालं कधी? २०१९ मध्ये. व्यक्तिगत कायद्यांत दुरुस्ती करून पाच कायद्यांतून कुष्ठरोग हे कारण वगळलं. कागदावर हे कारण नवरा-बायको दोघांसाठी होतं. पण कुष्ठरोगी नवऱ्याच्या जखमा धुणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कुष्ठरोगी बायकोच्या जखमा धुणारा नवरा मला अजून भेटायचा आहे. भेटला तर याच पानांवर त्याच्याविषयी लिहीन.

मी वहिनीच्या सासरी तीनदा गेले. बरोबर २०१९ च्या कायद्याचा कागद नेला, पण कागदापेक्षा आशाताईचं बोलणं उपयोगी पडलं. ती एवढंच म्हणाली, "आजी, औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत हिच्यापासून कुणाला लागण होत नाही. आणि शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त लोकांच्या अंगात हा रोग होऊ न द्यायची ताकद मुळातच असते. पण इतके दिवस ती तुमच्यात होती, तेव्हा आता घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या." सासूने स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. तपासणी झाली. कुणाला काही निघालं नाही. वहिनी दोन महिन्यांनी परत आली. ताट अजून वेगळं आहे.

औषध बारा महिन्यांचं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ज्यांच्यात जिवाणू कमी असतात त्यांना सहा महिने पुरतात. यातल्या एका गोळीने कातडी तांबूस-काळपट होते. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू परत येतो. पण हे आधी सांगितलं नाही तर बाया गोळ्या बंद करतात. कारण गाठी लपवता येतात, काळं पडलेलं तोंड लपत नाही. वहिनीनेही पाचव्या महिन्यात गोळ्या चुलीत टाकल्या होत्या. कार्यकर्ते अशांना 'बेजबाबदार रुग्ण' म्हणतात. रंगावरून बाईची किंमत ठरवणाऱ्या समाजात रंग बदलणारं औषध देताना तिच्याशी पंधरा मिनिटं बोलायला नको का?

बाळंतपणाचं तसंच. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही हे औषध चालतं, ते थांबवायचं नसतं. पण बाळंतपणाच्या आगेमागे या रोगात अचानक दाह उसळू शकतो. ताप येतो, लाल दुखऱ्या गाठी उठतात, नसा ठणकतात, हाताची शक्ती जाते. अशा वेळी लगेच, फार तर सहा महिन्यांच्या आत, योग्य उपचार मिळाले तर गेलेली ताकद बऱ्याचदा परत येते. उशीर झाला तर करंगळी-अनामिका वाकतात ते कायमच्या. बाळंतिणीचा ताप आणि ठणका 'वाऱ्याचा' म्हणून शेक-शेगडीवर काढण्याची आपली रीत इथे फार महाग पडते.

'रोग तर संपला ना?'

हा प्रश्न मला शिकलेली माणसंच जास्त विचारतात. डिसेंबर २००५ मध्ये देशाने 'निर्मूलन' गाठल्याचं जाहीर झालं. त्या निर्मूलनाचा अर्थ होता दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. शून्य नव्हे. पण शब्दाने आपलं काम केलं. कुष्ठरोगाचं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळून गेलं, नस चाचपून सांगणारे जुने तंत्रज्ञ निवृत्त झाले आणि नव्या डॉक्टरांनी हा रोग पुस्तकातच पाहिला.

दुसरीकडे आपल्या महाराष्ट्राला सेवेचा मोठा वारसा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर, वरोऱ्याला १९४९ मध्ये स्थापन झालेली महारोगी सेवा समिती आणि तिचं आनंदवन. बाबा आणि साधनाताई आमटे यांच्या कामापुढे मान झुकतेच. पण त्या वारशाने नकळत एक समजूतही दिली की हा रोग म्हणजे कुठेतरी दूरची वसाहत आणि तिथल्या थोर माणसांचं काम. आपल्या गटात, आपल्या शेजारी बसून चहा पिणाऱ्या बाईच्या कानात तो असेल, असं आपल्याला वाटत नाही. मला तरी वाटलं नव्हतं.

आपण काय मागायचं?

मागणं मोठं नाही. पथकात बाई असावी हा नियम आहे, तो पाळला जावा. ती नसेल तर त्या घरावर 'तपासलं' अशी खूण होऊ नये. मोहीम बायांच्या वेळेला यावी: संध्याकाळी, बाजाराच्या दिवशी, बचत गटाच्या बैठकीत, मजूर अड्ड्यावर. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पडदा, एक खिडकी आणि आठवड्यातून एकदा तपासणारी बाई असावी. आणि भित्तिपत्रकावर चट्ट्याच्या शेजारी जाड झालेली कानाची पाळी, विरळ भुवई, कोपरावरच्या गाठी यांचीही चित्रं असावीत, आपल्यासारख्या सावळ्या कातडीवरची.

आणि काही आपण आपणच करायचं. आमच्या गटात आता तीन महिन्यांतून एकदा हिशोबानंतर दार लावून घेतो, खिडकी उघडतो. ज्यांची इच्छा असेल त्या एकमेकींची पाठ, दंड, कान बघतात. आशाताई शिकवते. पहिल्या वेळी लाजून हसण्यातच अर्धा तास गेला. दुसऱ्या वेळी एकीच्या पाठीवर चट्टा दिसला, नुसतं गजकर्ण निघालं. तिसऱ्या वेळी एका म्हातारीने पाठ उघडी केली, ती चट्ट्यासाठी नाही. तिच्या पाठीवर जुने वळ होते. चाळीस वर्षांत कुणी पाहिले नव्हते. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

वहिनीच्या गोळ्यांचं अकरावं पान चालू आहे. गाठी बसल्या आहेत, हातातला बधिरपणा मात्र राहिला आहे आणि तो बहुधा राहणार. चुलीपाशी ती आता लाकडी मुठीची सांडशी वापरते. मागच्या बैठकीला ती माझ्याजवळ येऊन बसली आणि पदर मागे सारून म्हणाली, "ताई, आता बघा."

मी बघितलं. आठ महिने आधी बघितलं असतं तर तिचा हात वाचला असता.